बत्तीसच्या रिव्हॉल्व्हरमधल्या सहा गोळ्या पुरतात का?

प्रश्न विट्याच्या एका गलाई व्यावसायिकाचा, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्याचा, आहे. दुकान परराज्यात, घर खानापूर तालुक्यात, आणि सोनं किंवा रोकड घेऊन गाडीने जाणं-येणं कायमचं. शस्त्र परवाना नुकताच हातात पडलाय, बोअर (नळीचं माप) .३२, म्हणजे बोलीत बत्तीस. आता त्यांच्यापुढे तीन हत्यारं आहेत: सरकारी कारखान्याचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, सात-आठ गोळ्यांचं पिस्तूल, आणि ओळखीतल्या एकाकडचं जुनं बेरेटा ८१ हे इटालियन पिस्तूल. बेरेटाच्या मॅगझिनात (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत) बारा बसतात आणि किंमत ऐकून माणूस खाली बसतो. अमेरिकन व्हिडिओ बघून त्यांचं मत झालंय की पंधराच्या खाली काही घेण्यात अर्थ नाही. "नक्की किती गोळ्या लागतात, एकदा सांगून टाका," असं त्यांनी लिहिलंय.

सांगून टाकतो. हत्यारात सहा, जवळ आणखी सहा. रिव्हॉल्व्हर घ्या. बेरेटात घालणार होता त्यातले थोडे पैसे चांगल्या होल्स्टरवर आणि ताज्या काडतुसांवर घाला, उरलेले घरात राहू द्या. आता यामागचं कारण. मी फौजेत शस्त्र प्रशिक्षक होतो, सध्या सांगलीत एका परवानाधारक दुकानात बसतो आणि नव्या परवानाधारकांना हाताळणी शिकवतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो आणि जवळजवळ प्रत्येक वेळी चुकीच्या टोकाकडून येतो.

आधी तो पंधराचा आकडा कुठून आला ते बघू. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयचे आठ जण आणि दोन दरोडेखोर समोरासमोर आले. साधारण १४५ गोळ्या उडाल्या, एफबीआयचे दोघे मेले आणि पाच जखमी झाले. एफबीआयच्या बऱ्याच जणांकडे रिव्हॉल्व्हर होती, आणि जखमी हाताने ती पुन्हा भरताना काय हाल झाले याची चर्चा तिकडे आजही चालते. त्यानंतर अमेरिकेतली पोलीस खाती भराभर जास्त गोळ्यांच्या पिस्तुलांकडे वळली. न्यूयॉर्क पोलिसांनी १९९३ मध्ये ९ मिलिमीटरची पिस्तुलं घ्यायला सुरुवात केली. पोलिसांनी घेतली म्हणून नागरिकांनी घेतली, आणि आता तिकडे कमरेला पंधरा गोळ्या ही साधी गोष्ट झाली आहे.

पण पोलिसाचं काम गुन्हेगाराच्या मागे जाणं. तुमचं काम तिथून निसटणं. मायामीत त्या लोकांनी दरोडेखोरांची गाडी अडवली होती, तुम्ही कुणाची गाडी अडवायला निघालेला नाही. शिवाय तिकडे सर्रास मिळणारी ९ मिलिमीटरची गोळी आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे सामान्य परवान्यावर बंदी असलेल्या मापात, येते. सामान्य परवान्यावर मिळते ती बत्तीस, आणि तिची ताकद नऊच्या जेमतेम तिसरा हिस्सा. यावर लोक लगेच म्हणतात, "मग तर जास्तच गोळ्या पाहिजेत!" ऐकायला बरोबर वाटतं. अडचण अशी की कमी ताकदीची गोळी जागेवर लागली तरच काम करते, आणि जागेवर लावणं ही मॅगझिनच्या लांबीची गोष्ट नाही.

नेम चुकण्याचा हिशेब लोक करतच नाहीत. न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ या काळातल्या गोळीबारांचा रँड या संस्थेने अभ्यास केला. समोरून गोळ्या येत असताना पोलिसांच्या शंभरातल्या सरासरी १८ गोळ्या लागल्या होत्या. समोरचा गोळीबार करत नसताना ३०. हे पगारी, शिकवलेले, दरवर्षी रेंजवर उभे राहणारे लोक. हा हिशेब तुमच्या सहा गोळ्यांना लावा: धरून चाला की एक लागेल. बारा असतील तर दोन. आता उलटं करून बघा. सरावाने तुमचं प्रमाण तिपटीवर गेलं, तर सहातल्या तीन लागतील आणि आजूबाजूला फिरणाऱ्या बेवारस गोळ्या नऊ-दहावरून तीनवर येतील. हरभट रोडला किंवा साताऱ्यात मोती चौकात संध्याकाळी सहाला उभे राहून विचार करा की दहा बेवारस गोळ्या कुठे जातील. फौजेत "एक गोली, एक दुश्मन" शिकवायचे ते रायफलसाठी, पण गणित तेच.

कानपूरच्या सरकारी कारखान्यातल्या .३२ रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो, हे वापरणारा प्रत्येक जण सांगेल. घोडा (मागचा हातोडा) न चढवता सरळ चाप ओढला की नवशिक्या माणसाची मूठच आवळली जाते, नळीचं तोंड खाली जातं, आणि उजव्या हाताच्या माणसाची गोळी खाली-डावीकडे पडते. तीन मीटरवरसुद्धा. मी काउंटरवर करून दाखवतो ते असं: हत्यार उघडून रिकामं आहे हे दोघांनी डोळ्यांनी बघायचं, बोट घालून चाचपायचं, मग सिलिंडरमध्ये (गोळ्यांच्या फिरत्या नळकांड्यात) डमी, म्हणजे दारू नसलेली, काडतुसं भरायची, समोर पक्की भिंत, आणि नळीवर माशीच्या (टोकावरच्या नेम धरायच्या उंचवट्याच्या) मागे एक रुपयाचं नाणं ठेवायचं. चाप शेवटपर्यंत ओढायचा. नाणं पडता कामा नये. धडधाकट, ऊस तोडलेल्या हातांचे लोक नाणं पाडतात आणि ओशाळून हसतात. ज्याच्याकडून नाणं पडत नाही त्याच्याशी मी सहा की आठ यावर बोलायला तयार आहे. बाकीच्यांनी आधी घरी रोज थोडा वेळ हे करावं, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून. जुन्या हत्याराला डमीशिवाय रिकामा चाप ओढू नका, फायरिंग पिन तुटते.

खऱ्या गोळ्यांचा सराव अधिकृत रेंजवरच करायचा. मळ्यात जाऊन विहिरीत गोळी झाडून बघायची आपल्या भागातली खोड सोडा. दगडावरून, पाण्यावरून गोळी परतते. आणि दसऱ्याच्या शस्त्रपूजेला किंवा भावकीच्या वरातीत "एक होऊन जाऊ द्या" म्हणणारा मित्र हा मित्र नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असल्या हवेतल्या गोळीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. परवाना जाईल तो वेगळाच.

आता काडतुसं. ही गोष्ट मला क्षमतेपेक्षा मोठी वाटते, म्हणून जरा थांबतो. हत्यारात सहा आहेत असं तुम्ही म्हणता, तेव्हा चालणाऱ्या सहा आहेत का? लोक परवाना मिळाल्यावर काडतुसं घेतात, सिलिंडर भरतात आणि वर्षानुवर्षं त्याच गोळ्या आत ठेवतात. पावसाळ्यात महाबळेश्वर, पाटणच्या बाजूला कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते, तिथे पितळेच्या पुंगळीला हिरवा थर चढणारच. वर कुणीतरी सांगितलेलं असतं की हत्याराला तेल भरपूर लावा. तेल सिलिंडरमधून काडतुसाच्या बुडाशी जातं, ठिणगी देणाऱ्या टोपीच्या कडेने आत झिरपतं आणि आतली दारू मारून टाकतं. बाहेरून काडतूस चकचकीत दिसतं. चाप ओढला की नुसता टक् असा आवाज येतो. माझ्याकडे सर्व्हिसिंगला आलेल्या रिव्हॉल्व्हरमधून तेलाने माखलेली काडतुसं निघतात, तेव्हा त्या गृहस्थाला मी विचारतो, "तुमच्याकडे सहा आहेत की तीन?" सिलिंडर कोरडा पुसा. तेलाचा एक थेंब सांध्यात, बाकी सगळं कोरडं. दरवर्षी पावसाळा संपला की हत्यारातली सहा काडतुसं सरावात संपवा आणि नवी भरा. रिकाम्या पुंगळ्या टाकू नका, नवीन घेताना हिशेब विचारला जातो.

रिव्हॉल्व्हर घ्या म्हणण्याचं अर्धं कारण इथेच आहे. फुसकी गोळी निघाली तर रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढायचा, पुढची गोळी आपोआप घोड्याखाली येते. पिस्तुलात डावा हात आणून स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढावी लागते, फुसकी बाहेर काढावी लागते, नवी चेंबरमध्ये (गोळी उडते त्या घरात) घालावी लागते. रोज करणाऱ्याला हे जमतं. फक्त परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी हत्यार बाहेर काढणाऱ्याला गाडीच्या सीटवर पट्टा बांधलेल्या अवस्थेत, समोर कोयता दिसत असताना, जमणार नाही. त्यात आपल्याकडचे बहुतेक पिस्तूलवाले चेंबर रिकामी ठेवून फिरतात. न शिकलेल्यासाठी ते सुरक्षितही आहे, मी चूक म्हणणार नाही. पण मग पहिल्या गोळीलाच दोन्ही हात लागतात. एक हात स्टिअरिंगवर किंवा बॅगेवर असेल तर आठ गोळ्यांच्या पिस्तुलात त्या क्षणी शून्य गोळ्या आहेत.

बेरेटाबद्दल वेगळं सांगायला हवं. ते वाईट हत्यार नाही, उलट देखणं आणि नेमकं आहे. पण ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकासाठी परदेशी हत्यारांची आयात बंद आहे. म्हणजे बाजारात फिरतंय ते कित्येक दशकांपूर्वीचं, तीन-चार हातांतून गेलेलं. ज्याला तुम्ही बारा गोळ्यांसाठी पैसे देताय त्या मॅगझिनची स्प्रिंग थकलेली असते, गोळी धरून ठेवणारे ओठ वाकलेले असतात, आणि नवं मूळ मॅगझिन शोधायला गेलात तर दमाल. मॅगझिनने एक गोळी तिरपी चढवली की पुढच्या अकरा शोभेच्या. घ्यायचंच असेल तर आधी चांगल्या कारागिराकडून तपासून घ्या आणि बारा भरू नका, दहा भरा.

इथे एक धोक्याची सूचना. "बत्तीस म्हणजे बत्तीस" असं समजून काडतुसांची अदलाबदल करू नका. रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब, बुडाला रुंद कड असलेलं. पिस्तुलाचं आखूड, कड नावापुरती, आणि त्यातला दाब जास्त. पिस्तुलाची गोळी रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये शिरते, म्हणूनच घोटाळा होतो. भावाचं पिस्तूल आणि तुमचं रिव्हॉल्व्हर एका घरात असेल तर डबे वेगळे ठेवा, वर मोठ्या अक्षरात लिहा.

आता वजन. साधं .३२ रिव्हॉल्व्हर सातशे ग्रॅमच्या आसपास. कानपूरने २०१४ मध्ये काढलेलं निर्भीक पाचशेच्या आसपास. २०२३ मध्ये आलेल्या प्रबलचा सिलिंडर बाजूला उघडतो, म्हणून ते भरायला सोपं. हे आकडे अशासाठी की जे हत्यार जड वाटतं ते दुसऱ्या आठवड्यापासून डॅशबोर्डमध्ये राहतं आणि महिन्याभराने घरच्या तिजोरीत. अमेरिकेतसुद्धा १९५० पासूनची पाच गोळ्यांची छोटी स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर अजून खपतात, ती याचमुळे. पाच गोळ्या, पण अंगावर. तुमच्या बाबतीत नियमही तसाच आहे: सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये, झाकलेलं आणि ताब्यात असलं पाहिजे. ढाब्यावर जेवायला उतरताना गाडीत सोडून जाणं चालत नाही. शर्टाखाली न दिसता दिवसभर राहील असंच घ्या.

कायद्याचा भाग वकिलाकडून समजून घ्या, पण गोळ्यांच्या संख्येशी त्याचा थेट संबंध आहे म्हणून लिहितो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. स्वसंरक्षणाचा हक्क आता कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. मृत्यू किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असेल तर जीव घेण्यापर्यंत हक्क जातो, ते कलम ३८. मालमत्तेसाठी, म्हणजे जबरी चोरी किंवा सूर्यास्त ते सूर्योदय घरफोडी वगैरे, कलम ४१. पण या सगळ्यावर कलम ३७ बसलेलं आहे: गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्कच नाही. कोर्ट सोन्याच्या काट्यावर तोलत नाही हे खरं. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब या २०१० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की हल्ला झालेल्या माणसाकडून पायरी-पायरीने मोजून बचाव करण्याची अपेक्षा धरता येत नाही. तरीपण धोका संपला की हक्क संपला.

प्रत्यक्षात ते कसं दिसतं? दोन मोटारसायकली, चार पोरं. एकाने काच फोडली, कोयता आत आला. तुम्ही दोन गोळ्या झाडल्या. एक लागली, एक दारात गेली. बाकीचे तिघे गाड्या सोडून उसात पळाले. तुमच्याकडे चार शिल्लक आहेत. या क्षणी ज्याच्याकडे दहा शिल्लक असतात त्याचं बोट थांबत नाही, असं माझं मत आहे. पळणाऱ्याच्या पाठीत गेलेली तिसरी गोळी पहिल्या दोन गोळ्यांचा बचावसुद्धा घेऊन बुडते. पंचनाम्यात पुंगळ्या मोजल्या जातात, कोणती गोळी कुठून शिरली हे शवविच्छेदनात लिहिलं जातं. थांबायचं, गाडी पुढे काढायची, ११२ ला फोन करायचा, आणि पोलीस आल्यावर हत्यार हातात ठेवायचं नाही. पुंगळ्या उचलायच्या नाहीत.

मग चौघेही पळाले नाहीत तर? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. चौघे ठरवून आले असतील आणि पहिल्या गोळीनंतरही पुढे येत असतील, तर सहा कमी पडू शकतात. पण अंतर बघा. डेनिस ट्युलर या सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस प्रशिक्षकाने १९८३ मध्ये दाखवलं होतं की चाकू घेतलेला माणूस २१ फूट दीड सेकंदात कापतो. तेवढ्या वेळात सरावलेला माणूस हत्यार काढून एक-दोन गोळ्या झाडतो. चार जण गाडीला भिडलेले असताना सातवी, आठवी गोळी झाडायला लागणारा वेळच तुमच्याकडे नसतो. तिथे उपयोगी पडतं ते आधीचं सगळं: रोज एकाच वेळी न निघणं, खंबाटकीच्या अलीकडे पलीकडे रात्री आडबाजूला गाडी न थांबवणं, दारं लॉक, बरोबर दुसरा माणूस, आणि रोकड विम्यात. बॅग मागितली तर बॅग द्या. सोनं वितळवून पुन्हा होतं, हे गलाईवाल्याला मी सांगायला नको. गोळी बॅगेसाठी नाही, बॅग दिल्यावरही जो थांबत नाही त्याच्यासाठी.

जाता जाता: शिराळा, कराडकडचे लोक बिबट्यासाठी रिव्हॉल्व्हर किती गोळ्यांचं घ्यावं असं विचारतात. कितीही गोळ्यांचं घेऊ नका. वन्यजीव कायदा आहेच, आणि बत्तीसच्या गोळीने जखमी झालेला बिबट्या उसात शिरला तर सकाळी पाणी द्यायला जाणाऱ्याचं काय होईल याचा विचार करा. बॅटरी, फटाके आणि वन खात्याचा नंबर बरा.

पिस्तूल कुणी घ्यावं तेही सांगतो, नाहीतर मी रिव्हॉल्व्हरचा दलाल ठरेन. फौजेतून किंवा पोलिसांतून आलेला, हाताला पिस्तुलाचं वळण असलेला, महिन्यातून एकदा तरी रेंजवर जाणारा माणूस असेल तर पिस्तूल पातळ आहे, कपड्यात लपतं, मॅगझिन बदलणं सोपं आहे. त्याने आठ भरायचे तिथे सात भरले तरी चालतील. तुमच्या पत्रावरून तुम्ही त्यातले वाटत नाही.

राहिल्या खिशातल्या सहा. सुट्या गोळ्या पँटच्या खिशात किल्ल्यांबरोबर टाकू नका. जिने दोनदा चढून-उतरून या, धाप लागलेली असताना सहा सुटी डमी काडतुसं एकेक करून चेंबरमध्ये घालून बघा, निम्मी फरशीवर पडतील. वरून मोडणाऱ्या जुन्या नमुन्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये उघडताच सगळ्या पुंगळ्या एकदम बाहेर येतात, ही त्याची जमेची बाजू. भरायला मात्र एकेक. म्हणून कातड्याच्या पट्टीत तीन-तीनच्या जोडीने बसवा, टोकं खाली, पट्टी डाव्या कमरेला. दोन भरून झाल्या तरी सिलिंडर बंद करायची सवय लावा, सहाची वाट बघत बसू नका. आणि परवान्यावर एका वेळी किती काडतुसं बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची हे दोन्ही आकडे लिहिलेले असतात. सरावाची, हत्यारातली आणि पट्टीतली मिळून त्या आकड्यात बसली पाहिजेत. दुकानातून निघण्यापूर्वी परवान्यावरची नोंद आणि पावतीवरचा आकडा जुळतो का ते तिथेच उभं राहून बघा.